कमेटीचा बाजा

बासच्या भोंग्यावर एक शिक्का आहे,
चिंचेनं घासला की दिसतो.
अक्षरं इंग्रजीसारखी, पण इंग्रजी नव्हेत.
एका अक्षराच्या डोक्यावर पाखरू बसलंय,
पंख अर्धे उचललेले.
दारव्ह्याच्या शाळेतले भगत मास्तर म्हणाले,
हे आपल्या अभ्यासक्रमात नाही.

पणजा उकंडा सांगायचा म्हणे:
सर्कस मोडली, तेव्हा मालकानं
हत्ती विकला, तंबू विकला,
बाजेवाल्याला गिऱ्हाईक मिळालं नाही.
तो छोट्या लाईनच्या टेसनावर
तीन दिवस पेटीवर बसून होता.
नाव योसेफ. गावानं त्याचा योसाब केला.
त्या साली कापसाला भाव होता,
कमेटीकडे शिल्लक होती,
आणि बागेत एक आठकोनी ओटा,
ज्यावर काय करायचं ते कुणाला सुचत नव्हतं.

पितळ आगबोटीनं आलं, मग बैलगाडीनं,
गवतात गुंडाळलेलं.
ठराव झाला: गावाला बाजा असावा.
फुंकणार कोण, ते ठरावात नव्हतं.
कारण तोंड लावायचं होतं,
एकानं लावलेल्याला दुसऱ्यानं.
सभासदांची पोरं लांबूनच पाहून गेली.

मग योसाब मांगवाड्यात आला.
पणजाच्या हातातली सनई घेतली,
न पुसता ओठाला लावली
आणि भलतीच बेसूर वाजवली.
आमचं घराणं तिथून सुरू होतं.

त्याला आपले दोनच शब्द नीट यायचे,
आखीन, आणि दम.
आखीन, लेकहो. दम.
नऊ पोट्टे ज्वारीच्या माचाणाखाली फुंकत बसायचे.
रानडुकरं दोन हंगाम फिरकली नाहीत.

रविवारी खुर्च्यांवर सभासद, कुंपणाबाहेर गाव,
आणि ओट्यावर आम्ही.
आठवड्यातून एक तास आम्ही उंचावर होतो
आणि तेवढा तास कुणी काही बोललं नाही.

पुढं लढाई लागली. फौजदार कागद घेऊन आला:
हा शत्रूच्या राजाचा माणूस.
योसाब म्हणाला, राजा माझा नाही.
मग देश कोणता?
त्यानं सांगितला.
फौजदारानं नकाशा उलगडला, दोनदा पाहिला.
देश नकाशात नव्हता.
पणजा मागं उभा होता, त्याला लगेच कळलं.
आमची वस्तीही गावाच्या नकाशात नव्हती.

टेसनावर नऊ जण उभे राहिले. हुकूम नव्हता.
वाजवलं ते, जे तो बागेत कधी वाजवू द्यायचा नाही,
रात्री एकटाच माचाणावर वाजवायचा.
चोरून शिकलेलं. तिसऱ्या वळणावर चुकलं.
खिडकीतून हात वर झाला.
तो निरोपाचा नव्हता म्हणे.
आखीन, असा होता.

गाडी नगरच्या तारेच्या कुंपणाकडे गेली. पुढचं ठाऊक नाही.
काही वर्षांनी त्याचा देश नकाशात आला म्हणतात.
आमची वस्ती आली चौऱ्याहत्तर साली, नळाच्या निमित्तानं.
बाजा त्याआधीच लिलावात निघाला होता,
फुटक्या पाण्याच्या गाडीसोबत.
पणजानं अकरा रुपयांत हा बास घेतला.
बाकीच्यांच्या घागरी झाल्या असतील.

आता मी वाजवतो,
डीजेच्या गाडीत डिझेल भरून होईतोवर.
नवरी जीपमध्ये बसते तेव्हा तेच,
तिसऱ्या वळणावर चुकून.
लोक म्हणतात, जुनी वऱ्हाडी चाल आहे.
मी हो म्हणतो.

परवा पुतण्यानं मोबाईलवर शिक्का शोधला.
काका, पाखरू नाही ते. उच्चार आहे.
त्याच्यानं च होतो.
कोणता च?
चहातला. चमच्यातला नाही.
लिहिताना आपल्याकडे दोन्ही एकच, म्हटलं,
आणि मुखनळी धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतली.
मग तशीच लावली.