प्रश्न सतरावा

लातूरच्या एमआयडीसीत अकरा डाळ मिल.
माझ्या पिशवीत अकरा प्रश्नावल्या,
प्रत्येकीत बेचाळीस प्रश्न,
आणि नाकात तुरीच्या फोलाची धूळ,
कितीही शिंकलं तरी न जाणारी.

सतरावा प्रश्न असा:
गेल्या तीन वर्षांत केलेल्या सुधारणेचा उगम कोणता?
स्वतःचं संशोधन. पुरवठादार. स्पर्धक. इतर.
एकाच चौकटीत खूण करा.

शिवलिंगप्पा बिडव्यांनी चष्मा कपाळावर सरकवला
आणि पहिल्या चौकटीत अशी खूण केली
की कागद मागून फुगला.
"उतारा दोन टक्क्यांनी वाढला, हे लिहा.
कसा वाढला ते लिहू नका."
मुंदड्यांनी आधी चहा पाजला,
मग तीच चौकट,
मग मुनीमाला नजरेनं खुणावलं
आणि आतलं शटर गुडघ्यापर्यंत खाली आलं.
शेजारच्या मिलबद्दल विचारलं तर म्हणाले,
"त्यांचं तोंडसुद्धा बघत नाही आम्ही."

पण शटर गुडघ्यापर्यंतच होतं.
खालून मला रोलरचा मागचा पाय दिसला,
त्याच्याखाली ट्रकच्या पाट्याचा एक तुकडा,
सव्वा बोट जाड, एक कोपरा तिरपा कापलेला.
बिडव्यांकडेही तोच.
पुढच्या मिलमध्ये तोच.
दहा ठिकाणी तोच तिरपा कोपरा,
आणि दहा कागदांवर : स्वतःचं संशोधन.

संध्याकाळी रेणापूर नाक्याजवळ
खाजापाशाचं लेथ.
"काय लिहूलालाव, मॅडम?"
हात पुसायच्या चिंधीनं त्यानं माझ्यासाठी स्टूल पुसलं.
"बिडवेशेटनी शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही.
मी कुठं सांगितलं? तोंड उघडलं नाही.
पण मुंदड्यांची मशीन नुसता तुकडा ओकत होती,
अख्खी डाळ हाताला लागेना.
दुखणं दिसतंय, औषध खिशात आहे,
मग काय बघत बसू?
आणि तूर रातभर कमी पाण्यात मुरवायची
ही मुंदड्यांच्या हमालाची अक्कल.
ती मी बिडव्यांकडं नेली.
फिटं फाट."

अकरावी मिल?
"तिथं मला गेटवरच अडवायचे.
म्हणायचे, तू सगळ्यांकडं जातोस."
त्यानं लेथ चालू केलं.
"आता कुणीच जात नाही तिथं. बँकेचं कुलूप आहे."

आमच्या शास्त्रात याला शब्द आहे : गळती.
एकाचं ज्ञान दुसऱ्याकडं झिरपतं,
शोधणाऱ्याला पुरता मोबदला मिळत नाही,
मग तो शोधेनासा होतो.
समीकरण सुबक आहे. मी ते फळ्यावर
कित्येकदा सोडवलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोडिंगच्या ओट्यावर
पारूबाई सोनकांबळे झाडत होती.
पोत्यांच्या शिवणीतून सांडलेली डाळ
सुपात घेऊन फुंकली,
खडे एकीकडे, फोल वाऱ्यावर.
मी विचारलं, "ही गळती कुणाची?"
"माझी," ती म्हणाली. "ठरलंय तसं.
नुकसान म्हणाल तर शेटला विचारा.
माझ्या घरी तिचं वरण होतं."

खाजापाशाचं नाव लिहू का, असं विचारलं होतं मी.
त्यानं लेथ थांबवून हात जोडले.
"नाव लिहिलं की दहाही गेटं बंद."
म्हणून दहा कागदांवर,
मालकांच्या खुणेला धक्का न लावता,
"इतर"समोर पेन्सिलीनं एक बारीक ठिपका दिला.
ठिपक्याची बेरीज कोणतंच सॉफ्टवेअर करत नाही.

परतीच्या बसमध्ये मुरुडच्या पुढं फोन वाजला.
पुण्याहून नचिकेत.
त्याचाही प्रबंध याच विषयावर,
जागा एकच, मुलाखत पुढच्या महिन्यात.
"लातूरला काही मिळालं का गं?"

खिडकीबाहेर सोयाबीनची वाळलेली रानं.
मांडीवरच्या पिशवीत तो पाट्याचा तुकडा,
खाजापाशानं निघताना सहज दिलेला,
"ठेवा, कामी येईल" म्हणून.

मी म्हटलं, "नाही रे. विशेष काही नाही."
आणि पिशवीची चेन लावून घेतली.