बुटाचं टोक

ऑगस्टात बेदाण्याचं शेड रिकामं असतं.
जाळ्या गुंडाळून वर टांगलेल्या,
फरशीवर गेल्या हंगामाचा चिकटपणा
आणि गंधकाचा तो वास, जो माझ्या शर्टांना बारमाही येतो.
तिथे रविवारी सकाळी सातला
मी, वय त्रेपन्न, कोल्ड स्टोरेजचा हिशेबनीस,
आणि कवठी.
कवठे महांकाळच्या रस्त्यावर टमटमच्या चाकाशी सापडली, म्हणून कवठी.
जात विचारणाऱ्यांना सांगतो: रस्त्याची.

शिकवायला मिरजेहून शहनाज मुल्ला येते,
गुरांच्या दवाखान्यातली,
स्कूटीला चार पाइप आडवे बांधून.
पहिल्या दिवशी तिने फरशीवर चप्पल घासून बघितली.
"इथं नको. घसरली तर पाय जाईल तिचा. चला भाईर, मुरमावर."
मग माझ्या खिशाकडे बघत, "त्यात काय?"
मी मूठ उघडली. हिरवे, लांब, एक नंबरचे बेदाणे.
"सर! कुत्र्याला विष हाय हे. किडनी जाते."
तीस वर्षं ज्याची पंधरा-पंधरा किलोची खोकी मोजली
त्याबद्दल मला एवढंही माहीत नव्हतं.
आता डब्यातून उकडलेलं अंडं नेतो,
नखाएवढे तुकडे करून.

पहिला अडथळा म्हणजे एक वेळू.
उंची शून्य. जमिनीवर आडवा.
मी म्हटलं, एवढंच? टीव्हीवर तर ती कुत्री हवेत...
"वर्षाची होऊ दे आधी. हाडं कच्ची हायत."
कवठीनं वेळू हुंगला, चावला, एकदा त्यावर मुतली.
दोन रविवार असेच गेले.
तिसऱ्याला ती सहज ओलांडून आली
आणि कुलूप लागलं का बघायला माणूस वळतो
तशी वळून वेळूकडे बघत राहिली.

मग वळणं.
मांडवाच्या सहा काठ्या, टोकांना जुने चेंडू खोचलेले.
"डावीकडे!" मी ओरडायचो. कवठी उजवीकडे.
"उजवीकडे!" डावीकडे.
ढ आहे, मी म्हटलं.
शहनाजनं मोबाइलवर मला मीच दाखवला:
तोंड डावीकडे म्हणतंय,
खांदा, पोट, बुटाचं टोक
सगळं उजवीकडे निघालेलं.
"ती बरोबर हाय, सर. ती तुमाला बघते. बोलणं नंतर.
आज तिला खांबाला बांधा. तुमी एकटे पळा."

पळालो.
काठ्यांमधून, हात पुढे करून, स्वतःलाच हाका मारत.
शेजारच्या गोदामातले चार हमाल कुंपणावर कोपरं टेकून.
"सायेब, अंडं टाकू का?"
खांबाची कवठी मात्र हसत नव्हती.
मान तिरकी करून नीट बघत होती.

बोगदा सांगलीत इरगोंडा ताडपत्रीवाल्यांनी शिवून दिला,
हे नक्की कशाला, असं तीनदा विचारून.
कवठी आत जाईना.
पलीकडून पालथा पडून मी हाक मारली.
लांब अंधार, टोकाला गोल उजेड,
उजेडात दोन कान.
नाही.
मग मीच शिरलो, कोपरांवर.
वर ताडपत्रीवर भुरभुर,
आत माझाच श्वास, कुणा दुसऱ्याचा असावा तसा.
मधोमध पोट अडकलं.
मान कशीबशी वळवून मागे बघितलं. उजेडात कुणी नाही.
पुढे बघितलं. एक ओलं नाक.
बाहेरून वळसा घालून ती आधीच पोचली होती,
शेपटी मुरमावर आपटत,
आणि माझं डोकं बाहेर येताच
तिनं अख्खं तोंड चाटून काढलं.
शहनाज म्हणाली, "बघा. बक्षीस असं वेळेवर द्यायचं असतं."

कवठी अजून बोगद्यात जात नाही.
पुढच्या वेळी दाबून दोन हातांचाच ठेवू म्हणे.

सोमवारी ऑफिसात एक म्हातारा व्यापारी आला, जुन्या पावत्या घेऊन.
"बसा की, निवांत," मी म्हणालो,
आणि टेबलाखाली माझ्या बुटाचं टोक
दाराकडे.
मी पाय फिरवला.