दहाची नोट

फाट्यावर माझं मोटार वाइंडिंगचं दुकान,
पवनीच्या दोन कोस अलीकडे.
जळक्या पाणबुड्या मोटारी, वार्निशचा वास,
बाकड्यावर तंबाखू मळणारे दोघं-तिघं.

कौतिका वलथरेनं शेगडी आणली, खोक्यासकट.
"फसवलं जी मले दुकानदारानं.
चहा ठेवला का नुसती ओरडते."
सोबत पितळेचा गंज,
भंडाऱ्याच्या पेठेतला, काठावर आईचं नाव ठोकलेलं.

मी फुटक्या भोंग्यातलं चुंबक काढून
गंजाला लावलं. पडलं.
पुन्हा लावलं. पुन्हा पडलं.
"आता भांड्याचीबी पत्रिका पाहाची का?"
बाकडं हसलं.

शेगडीचे स्क्रू काढले.
आत तांब्याच्या तारेची चकली,
ना ज्वाळ, ना लाल होणारी स्प्रिंग.
हयातभर तार गुंडाळली मी
ती गार राहावी म्हणून;
तापली की मोटार गेली.
इथंही ती आपली जागेवर बसून
सेकंदाला वीस-पंचवीस हजारदा
वीज उलटसुलट करते,
आणि काचेपल्याडच्या लोखंडाला
काहीतरी सांगते, मला न ऐकू येणारं.

"लोखंडात विजेचे भोवरे उठतात," मी म्हणालो,
"बुडातल्या बुडात फिरतात,
त्या झटापटीत भांडं आपणच तापतं.
आग नाहीच कुठं.
पितळेत झटापट होत नाही."

भोवरा म्हटल्यावर ती थांबली.
वैनगंगेत जाळं टाकणाऱ्या घरची ती.
"भोवरा म्या पाह्यला.
तिथचं पाणी गार रायते पायाले.
तापवत नाही थो. ओढते."

आयटीआयच्या वहीत यापुढचं काही नव्हतं.

मग समोरच्या टपरीवरून तिची
मासोळ्या तळायची कढई आणली, सपाट बुडाची.
चुंबक टक्कन बसलं.
"आग नाही म्हणतोस?" तिनं बटव्यातून
दहाची नोट काढली, काचेवर पसरली,
वर कढई, कढईत तांब्याभर पाणी.

आधी बुडाशी साबुदाण्याएवढे बुडबुडे,
मग सळसळ,
मग उकळी.
बाकड्यावरचे उठून उभे.

पदरानं कढई उचलली तशी शेगडी ओरडली.
नोट होती तशी, जरा सपाट,
इस्त्री फिरल्यासारखी.
तिनं काचेवर हात टेकवला, झटकन मागं घेतला.
"काच तं तापली!"
"ते कढईचं. वरून खाली उतरलेलं."
"उलटी गंगा हाये बाप्पा,"
आणि बराच वेळ काचेकडं पाहत राहिली.

नोट माझ्या हातावर ठेवली, स्क्रू काढल्याची मजुरी.
गंज काखेत मारला. "याले चूलच बरी."
शेगडी मात्र डोक्यावर घेतली,
खोकं सरळ धरून.

चारला लाइन गेली.
खिशात नोट, पोळीसारखी कोमट.
मी अर्धवट मोटार पुढ्यात ओढली,
हातानं तार भरत, तोंडानं मोजत,
एकशे बारा,
एकशे तेरा.