बारदान

सोमवार ते शनिवार मी तोलणार,
वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात.
गोणी काट्यावर, आकडा डोळ्यात,
बारदानाचे सहाशे ग्रॅम वजा,
मग तोंडातून शब्द.
एकदा बोललं की बोललं.

रविवारी निळा ब्लेझर, राखाडी पँट.
कितीही धुवा, बोटांचा कांदा जात नाही.
ऐरोलीच्या एका शाळेचा हॉल, तुकडे जोडून केलेली मॅट,
चार कोपऱ्यांत आम्ही चौघे, पाचवा समोर,
प्रत्येकाच्या एका हातात तांबडा झेंडा, एकात निळा.

तांबड्या पट्ट्याची पोर आधी आली.
नवाकोरा गी, जाड कॅनव्हासचा.
प्रत्येक ठोशाला बाहीतून असा फटकारा
की मागच्या बाकांवरचे पालक
दचकायचे आणि मग टाळ्या वाजवायचे.
पाय तंतोतंत. चूक शोधून सापडेना.

मग निळी. दीक्षिता कोळी, दिवाळे गाव.
गी कुणा थोरलीचा, धुऊन धुऊन मऊ पडलेला,
बाही दोनदा दुमडलेली. आवाज म्हणून नाही.
तिसऱ्या वळणाला टाच घसरली.
बोटभर.
मी पाहिली. पाचही जणांनी पाहिली.
पण घसरताना तिनं खाली बघितलं नाही.
नजर तिथंच, जिथं कुणी नव्हतं,
आणि तो नसलेला माणूस
एक पाऊल मागं सरला.
काट्याशपथ सांगतो, सरला.

शिट्टी.
झेंड्यात पाव किलो नसतो, छटाक नसतो.
बाहीचा आवाज मी वजा केला.
टाच पुरती धरली का,
ते आजही छातीठोक सांगता येणार नाही.

चार तांबडे.
एक निळा.

नंतर पाण्याच्या पिंपापाशी ती आली, पट्टा गळ्यात टाकून.
"सर, तुमचा एकट्याचाच होता. का?"
म्हटलं, टाच सांभाळ.
"ते कळलं मला. झेंडा का, ते विचारतेय."
तेवढ्यात आतून पुढचा वजनगट पुकारला,
आणि मी, देवाशपथ, सुटल्यासारखा आत पळालो.

सोमवारी पहाटे लासलगावची गाडी लागली होती.
पहिली गोणी चढली. आकडा हलला, थांबला.
"बोला की, तोलणार," हमाल म्हणाला,
"झोप झाली नाही का?"
मी गोणीच्या पलीकडं बघत होतो.