आता तीच जाते

रायबंदरचा धक्का सोडून फेरी हलते,
तेव्हा मासळीच्या पाटीतलं पाणी
मागच्या मागेच राहू बघतं,
शेवंतीमावशीच्या पदरावर सांडतं.
ती फेरीला शिव्या घालते,
मी वहीत टिपून घेते:
नववी ब, जडत्व.

दिवाडीचा उतार अजून लांब असतानाच
कुष्टा सारंग इंजीन बंद करतो.
"आता तीच जाते, बाई.
भरलेली असली की आधी बंद करायचं,
रिकामी असली की मग."
वस्तुमान हा शब्द त्यानं कधी ऐकलेला नाही.

वर्गात सूत्र सगळ्यांना पाठ.
फक्त रुजार विचारतो,
होडीतून काठावर उडी मारली
की होडी मागे का सरते?
तू पायानं ढकलतोस म्हणून.
"ढकललं नाही, टीचर. मी नुसता पुढे गेलो."
पुढे जाणं म्हणजेच ते.
वर्ग हसला.
तो नाही.

त्याचा भाऊ मार्चमध्ये स्विंडनला गेला.
घरी पदेराकडून पाव अजून आठच घेतात;
दोन संध्याकाळपर्यंत दगड होतात,
बाप ते चहात बुडवून खातो,
कुणाला काही न बोलता.
हे पुस्तकात कुठल्या पानावर घालू?

परतीची फेरी उताराला टेकली,
आम्ही सगळे एकदम पुढे झुकलो,
स्कूटर, पाट्या, माणसं.
मावशीनं माझा दंड घट्ट धरला.
मी तिला कारण सांगणार होते.
"सांभाळ गो," ती म्हणाली.