‘शां’ आणि ‘ती’

शांतवन उबाळे मास्तरांची वही
माझ्याकडे आली तेव्हा तिला रॉकेलचा वास होता.
सकाळपाळीला प्रेसमध्ये नोटा मोजायचे,
रात्री जेल रोडच्या खोलीत पाच-पाच रेघा आखून
स्वर मांडायचे, आणि खाली गाण्याचे शब्द
कट निबच्या पेनाने.

मी ते कॉम्प्युटरवर चढवतेय.
एका स्वराखाली एक अक्षर, मग छोटी आडवी रेघ,
मग पुढचं अक्षर.
सोपं वाटतं. पण आपली अक्षरं ऐसपैस बसणारी:
‘स्तो’ आला की शेजारच्याला कोपर मारतो,
खण फुगतो, स्वर बिचारे भिंतीला लागतात,
आणि ‘आश्चर्य’ नेमकं कुठे तोडायचं
हे व्याकरणाच्या बाईंनीही कधी सांगितलं नव्हतं.

सेटिंग्ज उघडते. अक्षरांमधलं किमान अंतर.
शून्य पूर्णांक पाच. नको, तीन. चार.
ओळ आवळते, सैल सोडते
परकराच्या नाडीसारखी.

तिसऱ्या पानावर ‘शांती’ होतं.
‘शां’ इकडे, ‘ती’ पार तिकडे,
मध्ये तीन बोटं कोरी जागा.
ना विराम, ना खूण.
सॉफ्टवेअरने ती भरायला चार रेघा टाकल्या,
हायवेवरच्या पांढऱ्या पट्ट्यांसारख्या.
म्हटलं, मास्तरांचा हात घसरला असेल.
अंतर बाकीच्यांइतकं केलं.
पान सुबक दिसायला लागलं.
बिटको चौकात चाळीस प्रती काढल्या.

गुरुवारी तालीम.
‘शां’ म्हटलं सगळ्यांनी
आणि थांबले.
मी पेटीवर एकटीच पुढे,
पंगतीत श्लोकाआधीच घास घेतल्यासारखी.
माझ्या छापील पानात थांबायला जागाच नव्हती,
तरी पंचवीस तोंडं अर्धी उघडी.

का थांबलात?
कुणालाच माहीत नाही.
इलियाझर म्हणाला, आम्हाला असंच शिकवलंय.
मग मागच्या बाकावरून राहेलमावशी:
“अगं, भोंगा.
सव्वापाचला तालीम सुरू, साडेपाचला प्रेसचा भोंगा,
आणि दरवेळी बरोबर ‘शांती’वरच यायचा मेला.
आधी मास्तर चिडायचे.
मग त्यांनी त्याला जागाच करून दिली.”

भोंगा बंद होऊन किती वर्षं झाली
ह्यावर थोडा वाद झाला.
चहा आला.

रात्री फाईल पुन्हा उघडली.
‘ती’ला धरून उजवीकडे सरकवलं,
पडद्यावर बोटं ठेवून मोजलं, परत सरकवलं.
मधल्या रेघा पुसल्या.
मशीनने विचारलं,
हा बदल सगळीकडे लागू करायचा?

नाही.
फक्त इथे.