एकशेदहा

कुडचड्यात आता फोटो धुऊन मिळत नाहीत.
आधार, पासपोर्ट, लॅमिनेशन, झेरॉक्स दोन रुपये.
धुण्याचं मशीन भंगारवाल्यानं तिघे गडी आणून नेलं,
नळीतलं उरलंसुरलं रसायन पायरीवर सांडलं.
डाग अजून आहे.

पिएदादबाईंनी रुमालातून कॅमेरा काढला.
साबणाच्या वडीएवढा, चपटा,
मेनीननं बोटीवरच्या पहिल्या पगारातून
बाहरीनला घेतलेला.
"ह्याचो रोल मेळटा?"

एकशेदहाचा रंगीत रोल.
नखाएवढी निगेटिव्ह,
आणि प्रत्येक फोटोला एकच भोक.
ते भोक सापडलं तरच कळ दबते,
रिकामा असला तर हा कॅमेरा हट्टानं दबत नाही.

मागच्या खिडकीत आकडा दिसला: एकोणीस.
"आहे की आत. पाच उरलेत."
"खबर आसा," ती म्हणाली.
"ते पांच भुरग्याच्या बाप्तिस्म्याक दवरिल्ले.
म्हाका दुसरो जाय."

शेळवणच्या त्या घरात मूल झालं नाही
हे बाजारात मासळीवालीलाही ठाऊक आहे.
मेनीन गेल्या चवथीच्या सुमारास गेला.
मी उगाच खण उघडला, बंद केला.
म्हटलं, दुसरा नाही. कंपनीनं करायचंच सोडलं.
जगात आहेत ते जुने, कुणाकुणाच्या कपाटातले.
म्हणजे आता हे पाचच.

ती थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिली.

मी सांगून पाहिलं, तारीख चौऱ्याऐंशीची आहे,
हिरवं उडालं असेल, निळं तर नाहीच,
सगळं लालसर येईल,
खाणीचे ट्रक धावत तेव्हा ह्या रस्त्यावर
धुतलेली चादरही यायची तसं.
आणि धुवायला मुंबईच्याही पुढे पाठवावं लागेल.
"धुवपाक कोण सांगता?"

वीस: माझा पांढरा पडदा, पासपोर्टचा.
एकवीस: सायकलवर पोदेर, अर्धाच असेल.
बावीस मी, चष्मा काढायला लावून.
तेविसाव्याला तिचा स्वतःचाच अंगठा आड आला,
मी बोललो नाही.
चोविसावा कुठे गेला मला माहीत नाही,
एका पोराच्या मार्कशीटच्या चार प्रती काढत होतो.

"कितले जाले?"
काहीच नाही, बाई.
तरी तिनं दहाची नोट काचेखाली सरकवली.

चोवीसनंतर भोक नसतं.
दट्ट्या सैल पडतो, कुठेच अडत नाही.
ती अंगठ्यानं तो पुढे सारत पायरी उतरली,
कर्र, कर्र,
बसस्टँडच्या आवाजात मिसळेपर्यंत.